आधी चांगला पाय

काल कुबड्या माळ्यावर टाकल्या. आता आभार मानायला हरकत नाही.

पडलो तेव्हा गर्दीतले सगळे "उठवा, उठवा" करत होते. एकजण मात्र ओरडला, "कुणी हलवू नका!" त्याने पुठ्ठा दुमडून पायाखाली घातला, स्वतःच्या ओढणीने बांधणाऱ्या ताईंनी गाठ घोट्यापाशी सैल ठेवली. नडगीची दोन्ही हाडं मोडली होती. तसाच उभा केला असता तर टोक कातडीबाहेर आलं असतं, असं पुढे डॉक्टर म्हणाले. त्या दोघांची नावं विचारायचीच राहिली.

ऑपरेशन झालं, हाडात रॉड बसला. ते मला फारसं आठवत नाही. आठवतात त्या रात्रपाळीच्या सिस्टर. पोटरीत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून जाता-येता "पंजा वर-खाली, वर-खाली" म्हणायच्या. मी झोपेचं सोंग घ्यायचो, त्या अंगठ्याला चिमटा काढायच्या.

आणि फिजिओथेरपिस्ट मॅडम! गुडघा वाकवताना मी त्यांना मनातल्या मनात काय काय बोललोय, त्याची माफी इथेच मागतो. "चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा" हे अजून जिन्यावर पुटपुटतो. शेजारची पोरं ऐकून हसतात.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, ओढणी धुऊन ठेवली आहे.