ऐकलेलं सांगा: फाळणीच्या घरगुती आठवणींसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

मागच्या दिवाळीच्या साफसफाईत नागपूरच्या जरीपटक्यातल्या एका घरी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. तळाशी अजरकच्या, म्हणजे सिंधी छापील कापडाच्या, तुकड्यात गुंडाळलेला एक कागद होता, घड्यांवर चार ठिकाणी फाटलेला. घरातल्या तीन पिढ्यांना तो ठाऊक होता. वाचलेला मात्र कुणीच नव्हता, कारण मजकूर सिंधी असला तरी लिपी अरबी वळणाची, आणि मुलं-नातवंडं शिकली मराठी, हिंदी, इंग्रजी शाळांत. डाडीने, म्हणजे आजीने, तो जन्मभर जपला, म्हणजे महत्त्वाचा असणार, एवढ्यावरच तो दर दिवाळीला पूजेत ठेवला जायचा.

ते कुटुंब आमच्या वाचनालयाचं सभासद आहे. कागद घेऊन ते आमच्याकडे आले आणि आम्ही सगळे मिळून गल्लीतल्या एका वृद्ध काकाजींकडे गेलो. त्यांचं शिक्षण सिंधमध्ये चौथीपर्यंत झालेलं. भिंग लावून, बोट ओळीवरून हळूहळू सरकवत ते वाचायला लागले. ती क्लेमची यादी होती, म्हणजे यादीचा कच्चा खर्डा. मागे राहिलेल्या मालमत्तेची नोंद करून घेण्यासाठी १९५० साली कायदा झाला आणि भरपाईचा कायदा १९५४ साली आला. त्या काळात घरोघरी असे खर्डे तयार झाले. राहतं घर, त्याच्या खोल्या, दुकान, विहिरीतला हिस्सा, आणि प्रत्येकापुढे रुपयांचा आकडा. शेवटच्या ओळीवर काकाजी थांबले. त्यांनी ती दोनदा वाचली: ‘अंगणातलं बोराचं झाड, एक.’ त्यापुढे आकडा नव्हता. जागा मोकळी होती.

यादी लिहिणाऱ्याचा मुलगा आज साठी ओलांडलेला आहे. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "डाडी बाजारातून बोरं आणायची तेव्हा आधी हुंगायची, मग तोंडात टाकायची. आम्ही हसायचो तिला."

हे आवाहन त्या दुपारी ठरलं.

फाळणीला पाऊणशे वर्षं उलटून गेली. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीला टेकलेलं आहे. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांच्यातले फार थोडे आता उरले आहेत. मात्र त्यांच्या तोंडून ज्यांनी ऐकलं, ती मुलं, सुना, नातवंडं नागपुरात शेकड्यांनी आहेत. गेल्या हिवाळ्यापासून आम्ही घरोघरी जाऊन बसतो, आणि जवळजवळ प्रत्येक दारात पहिलं वाक्य तेच कानावर येतं: "आम्ही कुठे होतो तेव्हा? आमच्याकडे सांगण्यासारखं काही नाही." त्यानंतर दीड तास बोलणं चालतं. आपल्या भाषेत ‘ऐकीव’ हा शब्द थोडा खालच्या पायरीवर उभा केला जातो. आम्हाला मात्र तेच हवं आहे. आईने काय सांगितलं, आणि ती काय सांगायचं टाळायची, कोणत्या ठिकाणी आल्यावर ती विषय बदलायची, हेसुद्धा.

थोडं पाठीमागचं सांगायला हवं, कारण मराठी घरांतून फाळणीची गोष्ट ‘पंजाब-बंगालकडची’ म्हणूनच शिकवली गेली. पंजाब आणि बंगाल तोडले गेले, तरी त्यांचा अर्धा हिस्सा इकडे राहिला. सिंध अख्खा तिकडे गेला. त्यामुळे तिथून आलेल्या दहा-बारा लाख माणसांना ‘आपलं राज्य’ म्हणून नकाशावर बोट ठेवायला जागाच राहिली नाही. पुष्कळ कुटुंबं ऑगस्ट १९४७ मध्ये निघालीही नव्हती. हे थोड्या दिवसांचं आहे, मग सगळं निवळेल, असं त्यांना वाटत होतं. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि मग मात्र लोंढाच सुटला. कुणी कराचीहून बोटीने मुंबईला किंवा काठेवाडच्या बंदरांना लागलं, कुणी खोखरापार-मुनाबावच्या रेल्वेने राजस्थानात उतरलं. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांमध्ये जे शहर वसलं ते उल्हासनगर. नागपुरात माणसं आली ती जरीपटक्याला, खामल्याला. ज्या शब्दाचा अर्थ मराठ्यांचं निशाण, त्या नावाच्या वस्तीत सिंधी बोली रुजली. तिला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली ती १९६७ साली.

मराठी वाचकांनी हे आपल्यापासून लांबचं समजू नये. सिंध १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. मास्तर, कारकून, ओव्हरसियर अशी कितीतरी मराठी माणसं तिकडे नोकरीला होती. कराचीतल्या प्रसिद्ध एन. जे. व्ही. हायस्कूलच्या नावातला ‘एन. जे. व्ही.’ म्हणजे नारायण जगन्नाथ वैद्य, मराठी शिक्षणाधिकारी. सिंधी व्यापाऱ्यांच्या खुदाबादी लिपीला १८६८ च्या सुमारास शाळेत शिकवण्याजोगं नेमकं वळण लावण्याचं कामही त्यांच्याकडेच होतं. आज जरीपटक्यातल्या एखाद्या जुन्या वहीखात्यातली खुदाबादी अक्षरं घरातल्या कुणालाच लागत नाहीत, तेव्हा मला हा माणूस आठवतो.

माझं स्वतःचं घरही त्यातलंच. आजोबा कराचीत एका सरकारी कचेरीत कारकून होते. १९४८ च्या आरंभी आजी तीन मुलांना घेऊन बोटीने मुंबईला उतरली आणि तिथून नागपूरच्या महाल भागात दिराकडे आली. आमच्या घरी कमळकाकडीला कुणी कमळकाकडी म्हटलं नाही, ती ‘भें’च राहिली. एखादा पदार्थ जमला की आजी म्हणायची, "डाढो सुठो!" शेजारणींना वाटायचं, हा कोकणातला काही शब्द असावा. नागपूरच्या मे महिन्यात, खसाच्या ताट्यांवर पाणी मारता मारता, ती सिंधमधल्या हैदराबादच्या गच्च्यांवरच्या ‘मंघां’चं वर्णन करायची: वारा धरून खाली खोलीत सोडणारे ते झरोके, संध्याकाळी समुद्राकडून येणारा वारा, आणि खाली गार पडलेली फरशी. हे सगळं मी शंभरदा ऐकलं. एकदाही लिहून ठेवलं नाही. ती गेली तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि मला वाटत होतं की हे सगळं मला पाठ आहे. आज त्या झरोक्यांची दिशा कोणती, हे मला सांगता येत नाही.

माझ्या वडिलांच्या आठवणीत आजी बोटीवर सारखी रडत होती. काका मात्र ठामपणे सांगायचे की ती अजिबात रडली नाही, ती फक्त गाठोडी मोजत होती, पुन्हा पुन्हा, सातच्या सात. दोघेही भाऊ त्या बोटीवर होते. आम्ही दोन्ही नोंदवलं आहे. कोणतं खरं हे ठरवायला आम्ही बसलेलो नाही. तुमच्याही घरी तारखा जुळणार नाहीत, गावांची नावं तीन तऱ्हांनी उच्चारली जातील, एक बहीण आगगाडी म्हणेल आणि दुसरी बोट. त्यामुळे सांगायचं थांबू नका.

आणि हा संग्रह फक्त इकडे आलेल्यांचा नाही. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं. मोमिनपुऱ्यातून, कामठीतून, वऱ्हाडातल्या गावांतून कुटुंबं तिकडे गेली. कराचीत आजही ‘सी. पी. बेरार सोसायटी’ या नावाची वस्ती आहे. ज्यांचे काका, मामा, आत्या तिकडे गेल्या, त्या घरांतल्या आठवणी आम्हाला तितक्याच हव्या आहेत: १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत बंद पडलेली टपालं, लग्नाच्या पत्रिका उशिरा पोहोचणं, व्हिसासाठी केलेल्या खेपा, एका भावाचा दुसऱ्याच्या मयतीला न पोहोचलेला हात. तसंच पूर्व बंगालातून येऊन पुढे गडचिरोलीकडच्या चामोर्शी, मुलचेरा भागात वसवलेली बंगाली कुटुंबं. त्यांची मुलं आज नागपुरात शिकायला आणि नोकरीला आहेत. ती मराठी आपल्याइतकीच सफाईने बोलतात, आणि त्यांच्या आजोबांनी छावणीत काय काढलं हे त्यांना कुणी विचारत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या आठवणी कुणाच्या विरोधात वापरण्यासाठी गोळा होत नाहीत. आतापर्यंत ऐकलेल्या बऱ्याच घरांत लुटीची, जाळपोळीची हकिकत आहे, आणि त्याच घरांत रात्री टांगा जोडून स्टेशनापर्यंत सोडायला आलेला मुसलमान शेजारीही आहे. दोन्हींपैकी एकही कापलं जाणार नाही. कोणत्याही पक्षाला, सभेला, मिरवणुकीला हे ध्वनिमुद्रण दिलं जाणार नाही, तसा ठराव कार्यकारिणीने केला आहे आणि तो वाचनालयाच्या फलकावर लावला आहे.

काही घरांत असंही आहे जे बोललं जात नाही, विशेषतः बायकांच्या वाट्याला आलेलं. एका घरी ‘मोठी आत्या’ एवढाच उल्लेख झाला आणि सगळे खाली बघू लागले. आम्ही रेकॉर्डर बंद केला आणि चहा घेतला. पुढेही तेच करू. बोलणाऱ्याने सांगितलं तर नाव बदललं जाईल, काही भाग वीस वर्षं बंद ठेवला जाईल, आणि मत बदललं तर सगळं परत दिलं जाईल. तशी लेखी संमती मराठी, हिंदी आणि सिंधी तिन्ही भाषांत तयार आहे.

आता मदतीचं.

सगळ्यात आधी माणसं हवीत. अरबी लिपीतली सिंधी वाचू शकणारे ज्येष्ठ आम्हाला आतापर्यंत तिघेच मिळाले आहेत. खुदाबादी वाचणारं कुणीही नाही. अरबी लिपीतल्या सिंधीत बावन्न अक्षरं, आणि जुनं हस्ताक्षर म्हणजे ओळखीच्या नजरेशिवाय उलगडत नाही. तुमच्या ओळखीत असे कुणी असतील, मग ते अंथरुणाला का खिळलेले असेनात, कळवा. आम्ही कागद घेऊन त्यांच्याकडे जाऊ, त्यांनी यायची गरज नाही. ऐकलेलं लिहून काढायला कॉलेजातली मुलंमुली हवी आहेत. एक तासाचं बोलणं उतरवायला सहा-सात तास लागतात, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे उत्साहात येऊन कुणी आठवड्यात गळणार नाही. मराठी, हिंदी, सिंधी, उर्दू, बंगाली यांपैकी कोणतीही दोन भाषा येत असल्या तर फारच उत्तम.

पैशाचा हिशेब असा. मोठ्या आकाराचे कागद दुमडल्याशिवाय स्कॅन होतील असा स्कॅनर ३८ हजारांना पडतो. दोन ध्वनिमुद्रण यंत्रं १८ हजार. प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी राहाव्यात म्हणून हार्ड डिस्क २० हजार. जे लोक वर्षभर बसून वाचतील आणि उतरवतील त्यांना मानधन ७२ हजार. कागद ठेवायच्या पेट्या आणि गडचिरोलीकडच्या फेऱ्या मिळून ३२ हजार. एकूण १ लाख ८० हजार. त्यातले ४६ हजार सभासदांनी आपसांत जमवले. उरलेल्या १ लाख ३४ हजारांसाठी तुमच्यापुढे झोळी पसरली आहे. शंभर रुपयांचीही पावती मिळेल. आयकरातली सूट आमच्या देणगीला मिळत नाही, हे आधीच सांगणं आम्हाला योग्य वाटतं. जमाखर्च दर तीन महिन्यांनी फलकावर लागेल. रोख नको, चेक किंवा वाचनालयातला क्यूआर कोड वापरा. आमच्या नावाने घरी येऊन कुणी पैसे मागितले तर देऊ नका, आम्ही कुणालाही तसं पाठवलेलं नाही.

आणखी एक कबुली द्यायला हवी. पंधरा वर्षांपूर्वी आमच्याच वाचनालयातून जुन्या सिंधी मासिकांचे आणि हस्तलिखित वह्यांचे दोन गठ्ठे रद्दीत गेले. वाचणारं कुणी नाही, जागा अडते, वाळवी लागेल, असं कारण होतं. तेव्हाच्या कार्यकारिणीत मीही होतो आणि हात वर करणाऱ्यांत मीही होतो. त्या वह्यांत काय होतं ते आता कधीच कळणार नाही. म्हणून विनंती अशी की ‘काय लिहिलंय कळत नाही’ या एका कारणासाठी कोणताही कागद टाकू नका. रेशनकार्ड, छावणीचा दाखला, शाळेचा दाखला, पापडाच्या हिशोबाची वही, रेल्वेचं तिकीट, पोस्टकार्ड, फोटोमागचा शिक्का, सगळं चालेल. कागद आम्ही ठेवून घेत नाही. तुमच्यासमोर स्कॅन करून त्याच दिवशी परत देतो आणि स्कॅनची प्रत तुम्हालाही देतो.

वाचनालय सोमवार सोडून रोज संध्याकाळी ५ ते ८ उघडं असतं. दर रविवारी सकाळी १० वाजता आम्ही तीन-चार जण मागच्या खोलीत बसतो, तेव्हा आजी-आजोबांना घेऊन या. खोली तळमजल्यावर आहे, दोनच पायऱ्या आहेत, धरायला कठडा आहे. येणं जमणार नसेल तर शेजारच्या मुलाकडून निरोप पाठवा, आम्ही घरी येऊ.

पावसाळा तोंडावर आहे. जुन्या घरांतल्या भिंतींना ओल धरते, म्हणून माळ्यावरच्या ट्रंका त्याआधी एकदा उघडून बघा. कागद सापडला तर लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, कडक झालेली घडी जबरदस्तीने उलगडू नका. उन्हातही वाळवू नका. सुती कापडात सैल गुंडाळा, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवा आणि तसाच आमच्याकडे आणा. तो आणताना घरातलं जे सगळ्यात मोठं माणूस असेल त्याला सोबत घ्या.

आपले नम्र,
सार्वजनिक वाचनालयाची कार्यकारिणी आणि स्मृतिसंग्रहाचे स्वयंसेवक,
उत्तर नागपूर