काळी दोनची पेटी

चोपडा,
आषाढ वद्य एकादशी

चि. भाऊ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला नव्या माइकचा फोटो पाहिला. खालचा हप्त्याचा आकडाही पाहिला. फोनवर विषय काढला की तू ‘हो आप्पा, हो आप्पा’ करून आईला बोलावतोस, म्हणून कागद घेतला. ती फोटो बघून एवढंच म्हणाली, "तुना घरमा जागा शे का?"

मार्गशीर्षात पुण्याला आलो तेव्हा तुझ्या खोलीत दोन माइक, मिडी कीबोर्ड, इंटरफेस, दोन हेडफोन होते आणि पलंगाखाली एक न फोडलेलं खोकं. पुरं झालेलं गाणं मात्र एकही नव्हतं. जे ऐकवलंस त्यात आवाज घुमत होता. तू म्हणालास, माइक हलका आहे. मला तर खोलीच बोडकी वाटली. खाली फरशी, समोर काच, भिंतीवर कॅलेंडरसुद्धा नाही. तुझा तो 48 व्होल्टवर चालणारा माइक पंखा, शेजारचा कुकर, सगळं टिपत होता. मग आपण शूर कंपनीचा तो 58 नावाचा माइक काढला, आजीची गोधडी दोन खुर्च्यांवर तुझ्या पाठीमागे टाकली, पंखा बंद केला आणि तुला माइकपासून चार बोटांवर बसवलं. घूम गेली. तोंड जवळ आल्यावर खर्जही भरला, आठवतं ना? तो माइक 1966 पासून बनतोय, तूच सांगितलं होतंस.

आता माझं ऐक. 1998 साली कापसाला भाव बरा आला आणि मी स्केल चेंजर पेटी आणली. अख्खा कीबोर्ड सरकवायचा, पट्टी बदलायची, बोटं जिथल्या तिथे. गावभर दाखवली. पण आपलं भजनी मंडळ काळी दोनच्या पट्टीबाहेर कधी गेलं? खटका एकदाही सरकवला नाही. वर ती उचलायला दोघं लागायचे आणि सरकत्या भागातून हवा गळायची ती वेगळीच. आईच्या पाटल्या त्या वर्षी राहिल्या. अजून ती तो विषय काढते.

जुनी खर्ज-नरची, म्हणजे जाड आणि मधल्या अशा दोन सुरांच्या ओळींची पेटी मात्र अजून वाजते. तिचा मध्यम चिकटला की कागदाची पट्टी सुराच्या पितळी जिभेखालून फिरवतो, कचरा निघतो. गंधार उतरला तेव्हा जळगावच्या कारागिरासमोर बसून शिकलो: जिभेचं टोक खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. हात इतका हलका लागतो की दोन सूर मी बिघडवले, ते बदलावे लागले. पण तेव्हापासून त्या पेटीचा कोणता सूर पावसाळ्यात रुसतो ते मला डोळे मिटून कळतं. स्केल चेंजरचं मला आजही काही सांगता येणार नाही.

घेऊच नको असं नाही म्हणत. मंडळाला माइक मीच घ्यायला लावला, कारण बारा टाळांत गाणाऱ्याचा आवाज बुडत होता. सगळ्यांना ऐकू येत होती ती अडचण. तुझ्या नव्या माइकने कोणती अडचण जाणार आहे, ते मला एका ओळीत लिहून पाठव. पटलं तर निम्मे पैसे माझे, केळीचा हप्ता आला की देतो. ते खोकं मात्र आधी फोड नाहीतर विक.

नागपंचमीनंतरच्या रविवारी घरी कानबाई देवी बसते. रोट आहेत, ये. बायका रात्रभर गाणी म्हणतात. तुझी मोठी काकू यंदा आवाज बसलाय म्हणते, पण तिच्याइतक्या ओव्या आता कुणालाच येत नाहीत. एकच माइक आण. गोधड्या इथे ढीगभर आहेत.

आणि पेटीच्या भात्याची घडी एका जागी फाटली आहे. पुण्यात भात्याचं कापड मिळालं तर हातभर आण. हातभरच.

तुझे,
आप्पा