मुलांच्या लसी आणि डिसेंबरातलं येणं

लीड्स, इंग्लंड

ती. आई आणि ती. अप्पांना सा. न.

केनियाचं रद्द केलं. आता डिसेंबरात थेट सांगलीलाच येतो. "लसीपायी सहल कशाला मोडायची?" असं अप्पा फोनवर म्हणाले, तेव्हा चिकू रडत होता, नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहिते.

मोंबासाला समुद्रावर राहायचं आणि तिथून मुंबई, असं ठरत होतं. पण केनियाहून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरायचं तर नऊ महिन्यांपुढच्या सगळ्यांकडे पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला लागतो. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. शिवाय हा दाखला चालू होतो टोचल्यानंतर दहा दिवसांनी. चिकू नुकताच वर्षाचा झाला, त्याला गोवराची लस आत्ताच दिली आहे. दोन्ही लसी जिवंत विषाणूंच्या, त्यामुळे मध्ये चार आठवडे जाऊ द्यावे लागतात. हिशेब केला तर अनूचं लग्नच हुकत होतं. त्यात तिकडं मलेरियाच्या गोळ्याही लागणार. एवढ्याशा जिवाला हे सगळं निव्वळ सहलीसाठी द्यायचं, हे माझ्या मनाला पटेना.

आई, "आजोळी यायला कसल्या गं लसी?" असं तू म्हणालीस. तुला लागलं, ते मला कळलं. पण इथल्या नर्सनं मुलांचं लाल पुस्तक (जन्मापासूनच्या लसी त्यातच लिहितात) पान पान उलटून बघितलं आणि पहिलं विचारलं, "हॉटेलात राहणार की घरी?" घरी म्हटल्यावर ती जास्तच सावध झाली. हॉटेलात उतरणारे जपून खातात. आजोळी आलेली पोरं महिनाभर राहतात, घरातलं-बाहेरचं सगळं खातात, गल्लीभर हिंडतात. आणि अप्पा, "आम्हाला कुठं काय झालं?" हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण दूषित पाण्यातून होणारी ती कावीळ तुमच्या पिढीला बहुतेक लहानपणीच, न कळता होऊन गेली आणि शरीर तयार झालं. ईरा-चिकूला तसं काही झालेलं नाही. म्हणून काविळीची लस दोघांनाही. टायफॉइडची ईराला देतोय. इथली ती लस दोन वर्षांच्या आतल्या बाळांना नीट लागू पडत नाही. आपल्याकडं सहा महिन्यांपासून देता येणारी निघाली आहे, तिच्याबद्दल अप्पा, विश्रामबागेतल्या आपल्या डॉक्टरांना विचाराल का?

रेबीजवर मात्र आमच्या दोघांची बरीच चर्चा झाली. काविळीची नि टायफॉइडची इथं फुकट मिळते, ही विकतची, आणि तीन वेळा टोचायची. पण ईराला कुत्रं दिसलं की ती गळ्यातच पडते. लहान मुलांचं तोंड कुत्र्याच्या तोंडाशी येतं, आणि ओरखडा निघाला तरी ओरडा बसेल म्हणून सांगत नाहीत. आधी लस झालेली असली की चावल्यावर दोनच डोस पुरतात, आणि जखमेत द्यायचं ते महागडं, वेळेला न मिळणारं इंजेक्शन लागत नाही. म्हणून देतोय, दोघांनाही. तरीसुद्धा कुत्र्यानं नुसतं ओरखडलं तरी जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. हळद, चुना काही लावायचं नाही, हे काकूलाही सांगून ठेव.

सांगलीसाठी मलेरियाच्या गोळ्या नकोत म्हणाले. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून मागच्या दारचा पाण्याचा पिंप तेवढा झाकून ठेवा. पाणी उकळून. भडंग हवं तेवढं खाऊ दे त्यांना, पण उसाचा रस बर्फ घातलेला नको. घाटावर, गणपतीला, सगळीकडं न्या.

शेजारच्या मोत्याला यंदाची लस टोचली आहे का, तेवढं विचारून कळवा. नसेल तर आम्ही यायच्या आत टोचून घ्यायला सांगा, पैसे मी देते.

तुमची,
माधुरी