गुलमर्गच्या स्नो स्कूटरना वेगळी वाट द्या

मा. श्री. ओमर अब्दुल्ला,
मुख्यमंत्री, जम्मू आणि काश्मीर यांस,

सप्रेम नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवते आहे. तरी इथे ते मराठीत लिहिते, कारण गुलमर्गला स्नो स्कूटरवर, म्हणजे दातेरी पट्ट्यावर बर्फातून धावणाऱ्या मोटारगाडीवर, बसून "अहो, हळू!" म्हणून ओरडणाऱ्यांत निम्मे तरी आमच्याकडचे असतात असं मला दर वेळी वाटतं. त्यांनीही हे वाचावं.

मी पुण्याची. गुलमर्गला पहिल्यांदा आले ती २००९ साली, आई-बाबांबरोबर, टूरच्या बसमधून. पायथ्याच्या टंगमर्ग गावात भाड्याचे गमबूट आणि कुणाच्या तरी घामाचा वास येणारा लांब कोट चढवला, आणि वर पोचल्यावर पहिलं काम केलं ते स्कूटरवर बसण्याचं. बाबा पुढे, मी मागे, चालवणारा उभा. पाच मिनिटांची फेरी. बाबांनी पुढची दोन वर्षं ती फेरी प्रत्येक पाहुण्याला सांगितली. त्यामुळे स्कूटरवाल्यांबद्दल माझ्या मनात अढी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

नंतर मी इथल्या भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्थेत चौदा दिवसांचा कोर्स केला. पहिले तीन-चार दिवस स्की पायात घालून आडव्या पावलांनी नुसतं चढायचं. वीस पावलं चढून आठ सेकंदांत खाली. तेव्हा कळलं की बर्फाचा उतार आपोआप सपाट होत नसतो. रात्री स्नो बीटर फिरतो, भुसभुशीत बर्फ दाबतो, त्याचे कण पहाटेच्या थंडीत एकमेकांना चिकटतात आणि सकाळी कॉर्डुरॉयच्या पँटीसारख्या बारीक रेघांचा पक्का पृष्ठभाग तयार मिळतो. त्यावर स्कीची कड धरते. त्याच जागेवरून दोन-अडीचशे किलोची स्कूटर गेली की तिच्या पट्ट्याचे दात तो पृष्ठभाग उकरून काढतात. दुपारच्या उन्हात तिथे लगदा होतो आणि रात्री तोच चर दगडासारखा गोठतो. दुसऱ्या दिवशी शिकाऊ पोरगं त्यात स्कीचं टोक अडकवून तोंडावर आपटतं. आपण स्वतः स्की करता, त्यामुळे गोठलेल्या चरात पाय पिरगळणं म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको.

क्रॉस-कंट्री स्कीचं, म्हणजे सपाटीवर लांब पल्ला गाठायच्या स्कीचं, तर याहून नाजूक. उन्हाळ्यात जिथे गोल्फ चालतं त्या मैदानात हिवाळ्यात तिची वाट आखतात; तिलाच नॉर्डिकची वाट म्हणतात. दोन समांतर खोबणी, बोटभर खोल, मैलोन् मैल सरळ. त्या खोबणीत स्की घसरत राहते, म्हणून तर खेळाडू दम टिकवून लांब जाऊ शकतो. २०२४ च्या फेब्रुवारीत मी तिथे एका मुलाला सराव करताना पाहत उभी होते. लयीत येत होता, हात-पाय घड्याळासारखे. मध्येच खोबण संपली. आडवी स्कूटर गेली होती, दोन हातभर रुंद पट्टा उकरलेला. तो थांबला, स्की उचलून पट्टा ओलांडला, पलीकडे पुन्हा लय धरली. तीस पावलांवर पुन्हा पट्टा. त्याने कुणाला शिवी दिली नाही, वैतागही दाखवला नाही. सवय झाली असावी, आणि मला खुपलं ते तेच.

त्याच आठवड्यात माझा प्रसंग घडला. गोंडोल्याच्या, म्हणजे इथल्या रोपवेच्या, मधल्या स्थानकावरून, कोंगडोरीहून, खाली येताना झाडांतल्या वळणावर मी वरून आणि स्कूटर खालून. कानावर हेल्मेट, अंगावर वारा, इंजिनाचा आवाज आला तोवर स्कूटर पंधरा फुटांवर. त्यावर एक जोडपं आणि मध्ये माकडटोपीतली चार-पाच वर्षांची मुलगी. तिच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. मी डावीकडे अंग टाकून दिलं, एक स्की निघून देवदाराच्या बुंध्याशी गेली. स्कीच्या नियमांप्रमाणे खालच्याला सांभाळण्याची जबाबदारी वरून येणाऱ्याची असते, म्हणजे तसं पाहिलं तर चूक माझी. पण तो नियम स्कीवाल्या दोघांमधला. एक स्की आणि एक यंत्र एकाच अरुंद वाटेवर समोरासमोर आले तर थांबायचं कुणी, हे तिथे कुठेही लिहिलेलं मला दिसलं नाही.

चालवणाऱ्याने स्कूटर बंद केली, उतरून मला उठवलं, स्की शोधून आणली. त्याचेच हात माझ्यापेक्षा जास्त थरथरत होते. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "मॅडम, हमारा रास्ता अलग कर दो ना, फिर हम इधर क्यूँ आएँगे?"

साहेब, मला एवढंच मागायचं आहे. त्याने ते माझ्यापेक्षा चांगलं मांडलं.

बंदी मागणारे स्कीवाले मला भेटतात. धूर, आवाज, "शांतता गेली" वगैरे. त्यांचं खोटं नाही, पण हजार फूट उतरायला गोंडोल्याचं तिकीट काढणाऱ्याने दुसऱ्याच्या यंत्राला नाकं मुरडणं जरा गंमतीचंच. आणि उतारावर कुणाचा पाय मोडला तर त्याला खाली आणायला बऱ्याचदा स्कूटरच लागते. शिवाय २२ एप्रिल २०२५ नंतर पोटापाण्याची गोष्ट करताना जीभ जड होते. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात मारल्या गेलेल्या २६ जणांत आमच्या डोंबिवली, पनवेल आणि पुण्याचे सहा जण होते. त्यानंतर काश्मीरच्या रस्त्यांवर किती शुकशुकाट झाला ते आपण पाहिलंत. कर्जावर यंत्र घेतलेल्या माणसाला आता "तू घरी बस" असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

स्कूटर आणि स्की यांना शेजारी नांदवण्याचे प्रयोग जगात होऊन गेले आहेत. अमेरिकेत अध्यक्ष निक्सन यांनी १९७२ साली आदेश काढला की सरकारी जमिनीवर अशा वाहनांच्या वाटा ठरवताना इतर लोकांशी होणारा संघर्ष कमीत कमी राहील असं पाहावं. २००५ मध्ये तिथल्या वन खात्याने चाकांच्या गाड्यांसाठी नियम केले आणि बर्फावरच्या गाड्यांना त्यातून सवलत दिली. आयडाहो राज्यातल्या केंद्रीय न्यायालयाने २०१३ मध्ये ही सवलत बेकायदा ठरवली, आणि २०१५ पासून पुरेसा बर्फ पडणाऱ्या प्रत्येक सरकारी जंगलाला नकाशावर दाखवावं लागतं की स्नोमोबाईल, म्हणजे आपली स्नो स्कूटर, कुठे चालेल. बाकी ठिकाणी नाही. हे व्हायला त्यांना ४३ वर्षं लागली. आपल्याला एक उन्हाळा पुरेल, कारण आपल्याकडे जागा केवढीशी!

तिथल्याच यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात दिवसाला किती गट आत सोडायचे ते ठरलेलं आहे, गटात दहाच्या वर स्नोमोबाईल नाहीत, सोबत वाटाड्या हवा आणि इंजिन कमी धुराचं, कमी आवाजाचं. कोलोरॅडोतल्या व्हेल पासला तर स्कूटरच स्कीवाल्यांना वर ओढून नेतात. काही भाग फक्त पायी आणि स्कीने जाणाऱ्यांसाठी राखीव, काही स्कूटरवाल्यांसाठी, काही दोघांसाठी. वर नेणारा आणि खाली येणारा यांचं भांडण तिथेही झालंच होतं, पण वाटा आखल्यावर त्यातलं बरंचसं भांडायला उरलं नाही.

गुलमर्गात सुरुवात गोल्फच्या मैदानापासून करता येईल. नॉर्डिकची वाट पूर्ण हंगाम दोरी लावून बंद ठेवा. ओलांडायचीच असेल तर दोन ठरलेल्या जागांवरून, आणि तिथे रोज रात्री वाट पुन्हा दाबून घ्या. कोंगडोरीकडे चढणाऱ्या स्कूटरना झाडांतून स्वतंत्र पट्टा द्या, दर पन्नास पावलांवर रंगीत काठी रोवा. ताजा बर्फ पडला की जमिनीवरची खूण दिसत नाही, उंच काठीच दिसते. जिथे जागाच नाही आणि दोघांना एकाच वाटेने जावं लागतं, तिथे वेळ वाटून घ्या: सकाळ स्कीची, दुपार स्कूटरची. तशीही टूरची बस अकराच्या आधी कुठे पोचते? बसणाऱ्या प्रत्येकाला हेल्मेट, मुलांना त्यांच्या मापाचं. हे मात्र उद्यापासून, नकाशाची वाट न पाहता.

आणि नकाशा काढताना स्कूटरवाल्यांना टेबलाशी बसवा, नुसतं बोलावून चहा पाजू नका. कुठे बर्फ आधी वितळतो, कुठल्या वळणावर समोरचा दिसत नाही, हे त्यांच्याइतकं कुठल्याही सल्लागाराला ठाऊक नसतं. त्यांनी आखलेली रेषा ते मोडणार नाहीत. गुलमर्ग विकास प्राधिकरणाने एकट्याने आखलेली रेषा पहिल्या गर्दीच्या रविवारी पुसली जाईल.

घाईचं कारण बर्फच आहे. २०२४ चा जानेवारी कोरडा गेला. २०२५ मध्ये खेलो इंडियाचे हिवाळी खेळ बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले. बर्फ कमी म्हणजे पांढरा पट्टा अरुंद, आणि त्याच अरुंद पट्ट्यावर शिकाऊ, खेळाडू, स्लेजवाले आणि स्कूटर सगळे एकत्र. एकट्या २०२३ मध्ये गोंडोल्यात दहा लाखांवर माणसं बसली. हिमस्खलनाने त्या वर्षी दोन पोलिश आणि पुढच्या वर्षी एक रशियन स्कीपटू नेला. निसर्गापुढे आपलं फार चालत नाही. वळणावरच्या टकरीचं तसं नाही.

मराठी वाचकांना एक विनंती. फेरीचा भाव करताना "भैया, थोडा फास्ट" म्हणू नका. ते ऐकूनच तो ठरलेल्या वाटेबाहेर जातो, कारण पुढच्या गिऱ्हाइकाला तुम्हीच त्याचं नाव सांगणार असता.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी पुन्हा येते आहे. बाबा आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, गुडघे गेलेत, पण बरोबर येतो म्हणतात. स्कूटरवर बसायचंय त्यांना. मी त्याच वेळी झाडांतून खाली उतरत असेन. तोवर काठ्या रोवून झाल्या तर बरं होईल.

आपली,
पुण्याची एक स्कीवाली