आईची सही

बदलापूर,
घटस्थापनेच्या आदल्या दिवशी

ती. बाबा आणि आई,
सा. न.

पत्र बघून दचकू नका, सगळे ठीक आहेत. फोनवर बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं आई त्यांच्यापर्यंत पोचू देत नाही, म्हणून लिहायला बसले. शिवाय हे तोंडाने सांगायला मला वीस वर्षांत जमलेलं नाही.

गेल्या सोमवारी कंपनीत नव्या शिकाऊ उमेदवारांचे करार भरून घेत होते. हे काम आता माझ्याकडेच असतं. हल्ली सगळं पोर्टलवर होतं, पण मुलगा अठराच्या आतला असला की पालकाची सही लागतेच. उल्हासनगरचा एक मुलगा होता, सतरा वर्षांचा, टर्नर म्हणजे लेथकामाच्या ट्रेडचा. बरोबर आई. वडील रंगकाम करतात, रोज नाक्यावर उभं राहून मिळेल ते. बाईने पेन उचललं आणि विचारलं, "मॅडम, वर्षानंतर ठेवून घेणार ना?"

मी खरं ते सांगितलं. कंपनीवर तसं बंधन नाही. तिने पेन खाली ठेवलं नाही, पण कागदाला टेकवलंही नाही. आणि मला आपली खोली आठवली.

२००५ ची दिवाळी जवळ आली होती. लोअर परळच्या आयटीआयतून निघालेली मी, अठराला दोन महिने कमी, वागळे इस्टेटमधल्या कंपनीचा करार घेऊन घरी आले होते. बाबा, तुम्ही चष्मा लावून सगळी कलमं वाचलीत. मी मुलगी, लेथवर काम करणार, यावरून चाळीत काय काय बोललं गेलं ते तुम्ही कधी मनावर घेतलं नाहीत. स्टायपेंड पाहूनही काही बोलला नाहीत. प्रशिक्षण संपल्यावर नोकरी द्यायला मालक बांधील नाही, या ओळीशी आलात आणि कागदाची घडी घालून माझ्या हातात दिलीत. "ही बदलीच आहे. फक्त टाईप केलेली." एवढं म्हणून वॉचमनच्या ड्युटीवर निघून गेलात.

तेव्हा मला नुसता राग आला होता. आता तुमच्या बाजूने बघता येतं. १९७४ ला गावाहून आलात, काकांनी गिरणीत माणसं भरणाऱ्या जॉबरला सांगून बदली पास मिळवून दिला, आणि मग रोज पाळीच्या आधी खात्याच्या दाराशी उभं राहायचं. कायमवाला आला नाही तर काम, आला तर परत खोलीवर. खानावळीचे पैसे द्यायचेच. सात वर्षं असं काढून साच्यावर, म्हणजे मागावर, कायम झालात १९८१ च्या दिवाळीत, आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप. पुढचं मी लिहायला नको. त्या माणसाला 'बंधनकारक नाही' ही ओळ दाखवल्यावर तो दुसरं काय करणार?

रात्री भाकऱ्या आटोपल्यावर आईने तो कागद उलगडला. मला म्हणाली, "वर्षभर तरी काढणार नाहीत ना?" मी म्हटलं, वर्षभर नाही काढत. "मग कुठे करायची दाखव." आई, तू आधी वेलांटी काढलीस आणि मागून त्याखालचं अक्षर. सही कराराच्या चौकटीबाहेर गेली होती. ऑफिसात क्लार्क बघत राहिला, पण चालवून घेतलं.

त्या वर्षाबद्दल मी तुम्हाला नीट कधी सांगितलंच नाही. शॉपमध्ये मी एकटी मुलगी. बायकांचं टॉयलेट समोरच्या ऑफिसच्या इमारतीत, तिथे जाऊन यायला दहा मिनिटं. लेथवरचे एक जुने कामगार होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्यांनी पहिले आठ दिवस मला मशीनला हात लावू दिला नाही. नुसते टूल बिट, म्हणजे लेथवर धातू कापायची हत्यारं, घासायचे. ग्राइंडरवर धरायचा, रंग बदलायच्या आत पाण्यात बुडवायचा, कोन बघायचा, परत धरायचा. मला वाटायचं, आयटीआयत हे शिकून आलेय की मी! अण्णा बिट उजेडाकडे धरून बघायचे आणि काही न बोलता परत द्यायचे.

मग तीस मिलिमीटरचा रॉड पंचवीसवर आणायला दिला. शेवटचा कट जास्त बसला, पाच शतांश मिलिमीटर खाली गेला. मी तो तुकडा गुपचूप स्क्रॅपच्या पेटीत टाकला. दुपारी अण्णांनी शोधून काढला, खडूने त्यावर तारीख लिहिली आणि माझ्या टेबलावर ठेवला. "माल गेला तर जाऊ दे. लपवलास तर पुढच्याच्या हातात जातो." मला वाटलं, उद्या गेटवर हजेरीचं टोकन मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी टोकन जागेवर होतं आणि अण्णांनी दुसरा रॉड काढून ठेवला होता.

घरी येऊन शतांशाचं सांगितलं तर तुम्ही हसला होतात. "आमच्या फिटरचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्यात तुझे असले तीनशे शतांश बसतील."

बाबा, मला सांगायचंय ते हेच. ती जागा वर्षभर माझी होती. चुकले तरी माझी, दोन दिवस तापाने गेले नाही तरी माझी. उलट फोरमनने नावाने विचारलं, कुठे होतीस. तुम्ही त्या कागदातली वर्षानंतरची ओळ वाचलीत, आईने वर्ष वाचलं.

तुमचंही खोटं नव्हतं. आमच्या नऊ जणांतले दोन ठेवले, त्यात मी नव्हते. कारखाने कायद्याने तेव्हा बायकांना रात्रपाळी चालत नव्हती, आणि तिसरी पाळी न करणारी टर्नर घेऊन ते काय करणार, असं सरळ सांगितलं. 'मी म्हटलं होतं' असं तुम्ही म्हणाला नाहीत. म्हणाला असतात तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. पुढे परीक्षा दिली, सर्टिफिकेट मिळालं, अंबरनाथच्या वर्कशॉपमध्ये गेले. मालकाने सर्टिफिकेटकडे बघितलंही नाही. विचारलं, "टूल स्वतः घासतेस का?"

मार्च २०१८ मध्ये दादर-माटुंग्याला पोरं रुळावर बसली, ती बातमी टीव्हीवर बघून तुम्ही फोन केला होतात. रेल्वेत उमेदवारी केलेली मुलं ती. त्यांच्यासाठी भरतीत वीस टक्के जागा राखीव होत्या, तेवढ्यावर भागत नाही म्हणत होती. "बघितलंस?" एवढंच म्हणालात. मी विषय बदलला, कारण उत्तर नव्हतं.

आजही पुरतं नाही. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अडीच टक्के तरी उमेदवार घ्यावेच लागतात, पंधरा टक्क्यांपर्यंत घेता येतात. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याला किमान ७,००० रुपये ठरले, त्यातले १,५०० पर्यंत सरकार भरतं. कायद्याने ते कामगार नाहीत, म्हणून पीएफ नाही. अपघात झाला तर भरपाई मात्र द्यावी लागते. हे सगळं जमेला धरून उमेदवाराला थेट लाइनवर उभं करायचं आणि वर्षाने दुसरा आणायचा, असं करणारे पुष्कळ आहेत. त्याला तुम्ही बदली म्हणालात तर मी वाद घालणार नाही. आमच्याकडेही ऑर्डर तुंबली की प्रॉडक्शनवाले माझी पोरं मागायला येतात. कधी मी देत नाही. कधी द्यावी लागतात.

२०२४ मध्ये राज्य सरकारने 'लाडका भाऊ' म्हणून सहा महिन्यांचं कार्यप्रशिक्षण काढलं, पुढे ते अकरा महिन्यांचं केलं. आमच्या गल्लीतली एक मुलगी त्यात सरकारी कार्यालयात होती. फाइलींना नंबर घालत होती. पैसे वेळेवर मिळाले की नाही ते सोडा, तिला शिकवायला अण्णा कोण होता, हा माझा प्रश्न आहे.

गेल्या वर्षीच्या तुकडीतला एकोणीस वर्षांचा मुलगा आधी डिलिव्हरीचं काम करायचा. आमच्या स्टायपेंडच्या दुपटीहून जास्त कमवायचा, तरी आईच्या हट्टाने आला. एकदा न सांगता तीन दिवस गायब. चौथ्या दिवशी गेटबाहेर उभा. वॉचमनने फोन केला तेव्हा कळलं, तासभर उभा होता, आत येत नव्हता. त्याला वाटलं होतं, नाव कापलं असणार. "तिकडे आयडी बंद झाला की झाला, मॅडम. कोणी विचारत नाही." तो गेटशी कसा उभा होता ते मी बघितलं, बाबा. खात्याच्या दाराशी तुम्ही असेच उभे राहत असाल. त्याला आत घेतलं, आधी भरपूर बोलले, मग चहा दिला.

उल्हासनगरच्या त्या बाईला मी म्हटलं, वर्षभर ठेवू आणि शिकवू, तेवढं लिहून देतोय. पुढचं लिहून देत नाही. ती कागद घरी घेऊन गेली, नवऱ्याला विचारते म्हणाली. मंगळवारी शेवटची तारीख आहे.

दिवाळीला येताना मांडवी एक्सप्रेसचं तिकीट मी काढते, तुम्ही एसटीच्या भानगडीत पडू नका. आईच्या गुडघ्याचा पट्टा आठवणीने घ्या. आणि बाबा, पत्र्याच्या ट्रंकेत तुमचा बदली पास आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाखाली. तोही आणा. पोरांना दाखवायचाय. परत देईन.

तुमची,
बेबी