आई-बाबा, पुढचा हिवाळापण मी इथेच काढणार आहे

प्रिय आई-बाबा,

हे फोनवर सांगितलं असतं तर आईने मधेच फोन बाबांच्या हातात दिला असता आणि बाबांनी "बरं बघू" म्हणून ठेवून दिला असता, म्हणून लिहूनच टाकते. माझं काम एक वर्ष वाढलंय आणि मी हो म्हणून मोकळी झालेय. म्हणजे पुढचा हिवाळापण इथे सायबेरियात, याकुत्स्कलाच. आई, लगेच देवापुढे बसू नको, आधी पूर्ण वाच.

बाबा, तुम्ही रोज सकाळी इथलं टेंपरेचर बघून मला व्हॉट्सॲपवर पाठवता, उणे 44, आणि खाली हात जोडलेले. अहो इथे जानेवारीचं सरासरीच उणे 38 च्या आसपास आहे, 44 ला बस चालू, ऑफिस चालू, बाजार चालू. उणे 45 झालं की शाळेत लहान वर्गांना सुट्टी मिळते, मोठ्यांना अजून खाली गेल्यावर. आमच्या शेजारचं पोरगं उठल्याबरोबर आधी तापमान बघतं आणि 44 निघालं की त्याचं तोंड पडतं.

आणि वारा नसतो हे तुम्हाला कोणी सांगत नाही. हिवाळाभर सायबेरियावर थंड जड हवा ठाण मांडून बसते, आभाळ स्वच्छ, जमिनीची होती नव्हती ती ऊब सरळ वर निघून जाते आणि थंड हवा खोलगट जागेत साचत राहते. वारा नसल्यामुळे नीट कपडे घातले तर माणूस चालू फिरू शकतो. मावशीने फॉरवर्ड केलेला तो व्हिडिओ, ज्यात उकळतं पाणी हवेत उडवतात, तो याकुत्स्कचा नाहीच, ओयम्याकोनचा आहे. ते गाव इथून रस्त्याने नऊशे किलोमीटरच्या वर, डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात, जेमतेम काहीशे लोकांचं. तिथे 1933 च्या फेब्रुवारीत उणे 67.7 नोंदलं होतं. वेर्खोयान्स्क नावाचं दुसरं गाव आहे त्यांचं 1892 चं उणे 67.8, आणि सगळ्यात थंड गाव कोणाचं यावरून दोघांची अजून जुंपलेली असते. ग्रीनलँडमध्ये 1991 साली उणे 69.6 झालंय पण तिथे बर्फावर नुसतं यंत्र होतं, माणूस नाही, त्यामुळे ते या भांडणात धरत नाहीत.

आता आईचे प्रश्न. बाहेर जाताना आत लोकरीचं, त्यावर लोकरीचं, मग जाड कोट, पायात रेनडिअरच्या चामड्याचे बूट, इथे त्यांना उंती म्हणतात, महाग आहेत पण घेतले, तोंडावर मफलर. पाच मिनिटांत पापण्यांवर पांढरं येतं आणि मफलर श्वासाने कडक होतो. चष्मा मी प्लास्टिक फ्रेमचा करून घेतला कारण धातूची दांडी गालाला चिकटते. फोन बाहेर काढला की बॅटरी टपकन जाते, म्हणून रस्त्यात असताना तुझा फोन उचलत नाही गं, रागावून नाही. डिसेंबर-जानेवारीत गावावर धुकं बसतं, गाड्यांचा धूर, धुराड्यांची वाफ, सगळं वर न जाता तिथल्या तिथे गोठतं, समोरच्या फुटपाथवरचा माणूस दिसत नाही. दुपारी तीनला अंधार. हा अंधार मात्र खरंच अंगावर येतो, थंडीचं काही नाही.

बाजार बघायला हवा तुम्ही. उघड्यावर मासे खोक्यांत शेपटी खाली तोंड वर करून उभे ठेवलेले, सरपणाच्या मोळीसारखे, एकमेकांवर आपटले तर खणखण वाजतात. फ्रीज कशाला पाहिजे. दूध गोठवून गोल चकत्या करून विकतात, पिशवीत टाकून घरी आणायची. विकणारी बाई एवढी गुंडाळलेली की नुसते डोळे, पण पैसे मोजताना हातमोजा झटकन काढणार, मोजणार, परत घालणार, बोलणं चालूच. कच्चा गोठलेला मासा सुरीने पातळ तासून मीठ-मिरी लावून खातात. आई, मी खाल्ला. चांगला लागतो.

घरात मात्र मी अर्ध्या बाह्यांच्या टीशर्टमध्ये बसलेय हे लिहिताना. गावभर गरम पाण्याचे पाइप फिरवलेत, सप्टेंबरातच हीटिंग सुरू करतात. हे पाइप जमिनीखालून नाही, वरूनच नेतात, रस्ता आला की कमानीसारखे वर उचलतात, कारण खालची जमीन कायमची गोठलेली. इमारतीसुद्धा खांबांवर उभ्या, खाली मोकळी जागा सोडलेली, तिथून थंड हवा खेळली पाहिजे. घराची ऊब जमिनीत उतरली की जमीन विरघळते आणि घर एका बाजूला बसतं, तशी वाकडी झालेली जुनी लाकडी घरं इथे पावलोपावली दिसतात. 1828 मध्ये शेर्गिन नावाच्या माणसाने इथे पाण्यासाठी विहीर खणायला घेतली, 1837 पर्यंत 116 मीटर खाली गेला, तरी जमीन गोठलेलीच! पाणी नाही लागलं, पण ती विहीर अभ्यासाला कामी आली आणि आमचं सगळं काम एका अर्थी तिथूनच सुरू होतं.

बाबा, तुम्ही विचारत होता ना की तू नक्की करते काय. जमिनीत खोल भोकं पाडून आत तापमान किती हे वर्षानुवर्षं मोजायचं. संस्थेच्या खाली भुयारात लॅब आहे, बाहेर उणे 45 आणि आत शून्याच्या थोडंसंच खाली, त्यामुळे खाली उतरलं की हायसं वाटतं. आणि मोजायचं कशासाठी तर जमीन गरम होतेय. त्याच वेर्खोयान्स्कला 20 जून 2020 ला अधिक 38 झालं होतं, आर्क्टिकच्या आत! अकोल्याला 38 म्हणजे आपण पंखा दोनवर ठेवतो, पण तिथली जमीन त्या उन्हासाठी बनलेलीच नाही. तिथून जवळ बाटागायला जंगल तोडलं, जमीन उघडी पडली आणि विरघळून खचत गेली, आता जवळपास एक किलोमीटर लांबीचा खड्डा आहे. तो वाढतोच आहे. याच्या मधोमध काम टाकून मी येऊ शकत नाही.

आणि खरं सांगू, मला इथल्या थंडीपेक्षा तुमच्या मे महिन्याची जास्त काळजी वाटते. इथे सगळं गाव थंडीसाठी बांधलेलं आहे, कोणी उगाच शूरपणा करत नाही. तुम्ही मात्र 45 मध्ये डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून, बारा वाजता स्कूटीवर बँकेत जाता. वरून आई म्हणते त्यांना सवय आहे. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला कसली सवय? बँकेचं काम सकाळी दहाला उरकायचं, आणि कूलरमध्ये पाणी भरायला गच्चीवर जायचं नाही, खाली पाइप लावून घ्या, प्लंबरचे पैसे मी पाठवते.

त्यापेक्षा जूनमध्ये इकडेच या. 21 जूनच्या आसपास इस्याख असतो, याकूत लोकांचा मोठा सण, मैदानात गोल करून नाचतात, घोडीचं आंबवलेलं दूध पितात, रात्र होतच नाही. डास भयंकर आहेत, ओडोमॉस आणा. दिल्ली-मॉस्को, मग मॉस्कोहून अजून सहा तास, मधे एक मुक्काम करू म्हणजे आईच्या गुडघ्यांना त्रास नाही. बाबा, पासपोर्टची तारीख बघा आधी, संपत आला असेल तर याच आठवड्यात रिन्यूअलला टाका. आणि बँकेतून येताना नका जाऊ, वेगळ्या दिवशी जा.

तुमची,
ताई