मंदार, जायच्या आधी एवढं वाच

मंदार,

फोनवर बोलायला गेलं की माझा आवाज चढतो नि तू "बरं आई" म्हणून ठेवून देतोस, म्हणून टाइप करतेय. सावंतवाडीच्या घराचे फोटो बाबांनी मोठे करकरून पाहिले. पडवी छान आहे, मागे माड आहेत, विहिरीला कठडा आहे हे बघून मला बरं वाटलं. तुम्ही जाऊच नका असं मी म्हणत नाहीये. हे आधीच लिहिते, कारण पुढे वाचताना तुला तसं वाटेल.

मला फक्त माझ्या नातीचं, ओवीचं विचारायचंय. रात्री दोन वाजता तिला धाप लागली तर तिला कुठे नेणार?

बाकी तुझं सगळं पटतं. भांडुपहून उलटं ठाण्याला जायचं आणि तिथून बसायला जागा मिळवायची, हे किती वर्षं केलंस ते मी बघितलंय. शेजारच्या रिडेव्हलपमेंटची धूळ खिडक्या बंद करूनही घरात येते आणि ओवीचा खोकला त्यानेच वाढला असं डॉक्टरही म्हणाले. तिथली हवा चांगली, मान्य. पण तुम्ही घर बघायला गेलात डिसेंबरात. डिसेंबरातलं कोकण कुणाला आवडणार नाही? जुलैत जाऊन रहा. वर्षाला ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या चपलेवर चार दिवसांत बुरशी येते, कपाट उघडलं की कुबट वास. मी तिथेच वाढलेय रे. धुळीने जसा दमा उठतो तसा बुरशीनेही उठतो. आणि वाऱ्याने झाड तारांवर पडलं की लाईट जाते ती कधी येईल सांगता येत नाही, मग नेब्युलायझर कशावर लावणार?

परत तिथेच आले बघ.

नेहाचंही बोलायचं होतं. ती बोरिवलीत वाढलेली, दार लावलं की आपण आपले. तिथे बाजारात गेली की कुणाची गो तू, घोव काय करता, एकच मूल काय, सगळं विचारतील. प्रेमानेच विचारतात. सुरुवातीला गंमत वाटेल, पण तू दिवसभर लॅपटॉपवर आणि तिला मैत्रीण नाही, मालवणी धड येत नाही, असं झालं तर? तिने आपणहून हो म्हटलंय ना? तुझ्यासाठी म्हणून नाही ना? आणि तो भांडुपचा फ्लॅट विकू नकोस. अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटवर भाड्याने दे, तिथलं घरही आधी भाड्यानेच घे, विकत घ्यायची घाई कशाला, एकदा इथलं विकलंस की त्या पैशात परत मुंबईत काही मिळायचं नाही, आणि माणसाला परत यावंसं वाटू शकतं, त्यात कमीपणा काय आहे? लेक्चर झालं. सॉरी. तू घर चालवतोस, तुला हिशोब कळतो.

तू म्हणालास, आई मला पाऊस सांगू नकोस, मी २६ जुलै पाहिलाय. पाहिलायस खरा. २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पडला आणि तू माटुंग्याहून चालत निघालेला. फोन बंद, लोकल बंद. मी रात्रभर गॅलरीत उभी. दुसऱ्या दिवशी दुपारी आलास, पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलाने कडक झालेली, आणि आल्या आल्या काय सांगितलंस तर वाटेत भेटलेल्या नववीतल्या पोराला त्याच्या घरी सोडून आलो. सायनला कुठल्या बाईंनी तुम्हा दोघांना घरात घेऊन पोहे दिले, त्यांचं नाव आपल्याला आजही माहीत नाही. त्या दिवशी कळलं की हा मुलगा कुठेही टाकला तरी निभावेल. तेव्हा तुझी काळजी नाहीये मला. पण इथे पावलापावलावर माणूस होता, दवाखाना होता. तिथे रात्री नऊनंतर रिक्षा मिळत नाही.

आबामामाचं मी काढणार नव्हते. पण गोव्याला बांबोळीच्या हॉस्पिटलात नेताना पत्रादेवीचा नाका ओलांडला आणि तिथेच, तुला माहितेय. मान्य, आता ओरोसला मेडिकल कॉलेज झालंय, १०८ ला फोन केला की अ‍ॅम्ब्युलन्स येते, रस्ताही तिकडचा बरा आहे. आमच्या वेळी रेल्वेसुद्धा नव्हती, परळहून एसटीत बसायचो नि कशेडी घाट आला की ओकाऱ्या. दिवस बदललेत, कळतं मला. मन ऐकत नाही.

ओवीच्या डॉक्टरांना भेटून आले, तुला न विचारता गेले, रागावू नकोस. ते म्हणाले पंपाला मास्कवाला स्पेसर लावून नीट दिला तर नेब्युलायझरइतकाच लागू पडतो, लाईट लागत नाही. पंपाचे किती पफ देऊनही बरं वाटलं नाही तर थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून आणलंय, त्याचा फोटो टाकते. तो तिथल्या फ्रिजवर लाव. स्पेसर दोन घे, एक गाडीत ठेवायचा. इन्व्हर्टर सामानाच्या आधी बसव.

जूनला मी येते. बाबा तुतारी एक्सप्रेसचं तिकीट काढतायत. तुमचं स्टेशन मळगावात, तेव्हा घ्यायला ये. गणपती होईपर्यंत राहीन, पहिला पाऊस एकत्र काढू, मग राहायचं की परतायचं ते तुम्ही दोघं ठरवा, मी मध्ये बोलणार नाही. पण तिथे लहान मुलांचे डॉक्टर कोण आणि ते रात्री फोन उचलतात का, हे आजच घरमालकांना विचारून मला कळव.

आई